काच आणि काचेमागचं यंत्र

कॅबिनेट वेगळं आणि मॉनिटर वेगळा असा संगणक घेतला, की स्क्रीन कशी असावी आणि यंत्र किती वेगवान असावं हे दोन स्वतंत्र निर्णय असतात. मॉनिटर डोळ्यांना त्रास देऊ लागला तर तो बदलता येतो. कॅबिनेट जुनं झालं तर तोच मॉनिटर नव्या कॅबिनेटला जोडता येतो. सगळं एकाच देहात बसवलेल्या ऑल-इन-वन संगणकात ही मुभा राहत नाही. तिथे दोन्ही निर्णय एकाच दिवशी, एकाच पावतीवर होतात आणि पुढची सात-आठ वर्षं ते निभावावे लागतात. म्हणून स्क्रीन चकचकीत काचेची घ्यावी की मॅट, आणि देखणेपणासाठी वेगावर किती पाणी सोडावं, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. या प्रकारच्या संगणकाचा जवळपास पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ऑल-इन-वनमध्ये स्क्रीन आणि वेग यांचा खर्च एकाच तिजोरीतून होतो: तीच मेमरी, उष्णता बाहेर टाकायची तीच जागा आणि ग्राहकाचे तेच पैसे. या दोघांत ओढाताण झाली, तेव्हा दुकानात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीला बहुतेक वेळा झुकतं माप मिळालं. न दिसणाऱ्या गोष्टीची किंमत ग्राहकाने नंतर, घरी बसून, हप्त्याहप्त्याने मोजली.

ही ओढाताण पहिल्या पिढीपासूनच आहे. कमोडोर कंपनीने १९७७च्या जानेवारीत पेट २००१ हा संगणक लोकांसमोर मांडला. चक पेडल यांनी आखलेल्या या यंत्रात कीबोर्ड, नऊ इंची स्क्रीन आणि कॅसेट रेकॉर्डर एकाच पत्र्याच्या पेटीत बसवलेले होते. आत १ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर होता. स्क्रीनवर काय दिसायचं ते ज्या मेमरीत लिहिलेलं असे, ती प्रोसेसरलाही हवी असे आणि चित्र उमटवणाऱ्या सर्किटलाही. दोघांनी एकाच क्षणी तिच्यात हात घातला की स्क्रीनवर पांढरे ठिपके उडत. ते टाळायचे तर स्क्रीनवरचा किरण मागे फिरेपर्यंत प्रोसेसरने थांबायचं, अशी व्यवस्था होती. चित्र स्वच्छ राही, पण मजकूर उमटण्याचा वेग मंदावे. वापरणाऱ्यांनी यावर तोड शोधली. ‘पोक ५९४५८,६२’ एवढी एक आज्ञा टाइप केली की हे थांबणं बंद होई आणि अक्षरं सरसर उमटू लागत. पुढे कमोडोरने स्क्रीनचं सर्किट बदललं आणि तीच आज्ञा नव्या पेटच्या स्क्रीनला इजा करू शकते असं लक्षात आलं. संगणकाच्या इतिहासात ती जीवघेणी पोक म्हणून कुप्रसिद्ध झाली. वेग वाढवायला जावं आणि स्क्रीन पणाला लागावी, हा ऑल-इन-वनचा स्वभाव इतक्या लवकर उघड झाला होता.

२४ जानेवारी १९८४ रोजी आलेल्या अॅपलच्या मॅकिंटॉशमध्ये तो स्वभाव आकड्यांत मांडता येतो. जेफ रास्किन यांनी १९७९मध्ये सुरू केलेला आणि नंतर स्टीव्ह जॉब्झ यांनी हाती घेतलेला हा प्रकल्प. किंमत २,४९५ डॉलर. स्क्रीन नऊ इंची, पण त्या काळाच्या मानाने अत्यंत रेखीव: ५१२ गुणिले ३४२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरला तरी नुसत्या स्क्रीनसाठी २१,८८८ बाइट लागत, आणि यंत्रात एकूण मेमरी १२८ किलोबाइट. म्हणजे काम सुरू होण्याआधीच सहावा हिस्सा स्क्रीनकडे गेलेला. प्रोसेसर जवळपास ८ मेगाहर्ट्झचा होता, पण मेमरी स्क्रीनच्या सर्किटबरोबर वाटून घ्यावी लागत असल्याने प्रत्यक्षात तो सुमारे ६ मेगाहर्ट्झचं काम करी. मॅकराइट या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये एका दस्तऐवजाची आठ-दहा पानं झाली की जागा संपत असे. वर जॉब्झ यांना फॅनचा आवाज नको होता, म्हणून आत फॅन नाही. आणि ग्राहकाने यंत्र उघडू नये अशी इच्छा, म्हणून खोल भोकांत बसवलेले टॉर्क्स स्क्रू, जे घरातल्या साध्या पेचकसाने निघत नसत. मेमरी वाढवण्याची सोय ठेवण्याचा आग्रह वरच्या पातळीवर मान्य झाला नाही. तरी बोर्ड आखणाऱ्या बरेल स्मिथ यांनी पुढच्या पिढीच्या मोठ्या मेमरी चिप बसतील अशी तजवीज त्यात करून ठेवली. त्या तजविजीमुळेच त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ५१२ किलोबाइटचं मॅकिंटॉश बाजारात येऊ शकलं. फॅन आणि एक स्लॉट यायला १९८७चं मॅकिंटॉश एसई उजाडावं लागलं. त्याच वर्षी, ज्यांना खरी ताकद हवी त्यांच्यासाठी, अॅपलनेच मॉनिटर वेगळा असलेलं मॅकिंटॉश टू आणलं. जास्त काम करणाऱ्याने स्क्रीन आणि यंत्र वेगळं घ्यावं, हे त्यातून कंपनीनेच मान्य केलं होतं.

या सगळ्या काळात चकाकी हा निवडीचा विषय नव्हता, तो सोसण्याचा विषय होता. स्क्रीन म्हणजे काचेची फुगीर नळी, आणि तिच्यात समोरची खिडकी, ट्यूबलाइट, स्वतःचा शर्ट, सगळं दिसे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या बँका, कचेऱ्या आणि गल्लोगल्लीचे कॉम्प्युटर क्लास यांत मॉनिटरपुढे अडकवलेली काळपट काच किंवा बारीक जाळी आणि तिची बाजूने लोंबणारी अर्थिंगची वायर हे नेहमीचं दृश्य होतं. ही जाळी चित्र थोडं अंधूक करी, तरी लोक ती पैसे देऊन विकत घेत, कारण दिवसभर आकडे भरणाऱ्याला झळाळीपेक्षा डोळे शांत राहणं महत्त्वाचं वाटे. १९९०मध्ये युरोपीय समुदायाने स्क्रीनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी जो निर्देश काढला, त्यात वापरणाऱ्याला त्रास होईल अशी चकाकी आणि प्रतिबिंबं स्क्रीनवर नसावीत अशी स्पष्ट अट आहे. म्हणजे चकाकी हा दोष आहे यावर काम करणारे आणि कायदा करणारे यांचं एकमत झालेलं होतं. एलसीडी आल्यावर हा दोष जवळपास फुकटात दूर झाला. तिच्यावरच्या ध्रुवक पट्टीचा पृष्ठभाग किंचित खरखरीत करून घेतला की प्रतिबिंब विखुरलं जाई. अॅपलचा १९९८चा निळसर आयमॅक अजून काचेच्या नळीचाच होता. २००२मध्ये पोलादी दांड्यावर स्क्रीन तोललेला आयमॅक आला तो मॅट एलसीडी घेऊन. २००४चा आयमॅक जी५ आणि २००६चे इंटेल प्रोसेसरवाले आयमॅकही मॅटच होते.

मग हा सुटलेला प्रश्न पुन्हा कोणी मांडला? उत्तर बाजारात सापडतं. २००३च्या सुमारास सोनीने लॅपटॉपवर एक्स-ब्लॅक नावाची चकचकीत स्क्रीन आणली. मागोमाग तोशिबाची ट्रूब्राइट, एचपीची ब्राइटव्ह्यू, एसरची क्रिस्टलब्राइट अशी नावं आली. तोवर लॅपटॉप कार्यालयातून घरात शिरला होता, त्यावर सिनेमे आणि फोटो पाहिले जात होते. शोरूममध्ये दहा लॅपटॉप ओळीने उघडे ठेवलेले असतात, प्रत्येकावर गडद रंगांचं चित्र असतं आणि ग्राहक प्रत्येकासमोर मिनिटभर थांबतो. त्या मिनिटात खरखरीत पृष्ठभागाची स्क्रीन फिकी दिसते आणि गुळगुळीत पृष्ठभागाची खुलून दिसते. मिनिटभराच्या या कसोटीत मॅट स्क्रीन हरणारच. आठ तासांच्या कामाची कसोटी दुकानात घेता येत नाही, म्हणून तिचा निकाल विक्रीच्या आकड्यांत उतरत नाही. चकचकीत स्क्रीन बाजारभर पसरण्याचं मुख्य कारण मला तरी हेच दिसतं.

ऑल-इन-वनच्या बाबतीत निर्णायक दिवस ७ ऑगस्ट २००७. त्या दिवशी अॅपलने अॅल्युमिनिअमचा आयमॅक आणला आणि त्याच्या पुढच्या बाजूला कडेपासून कडेपर्यंत काचेचा पत्रा बसवला. आकार दोन: वीस इंची आणि चोवीस इंची. मॅटचा पर्याय कोणत्याच आकारात नव्हता. लॅपटॉप घेणाऱ्यांना नंतर काही वर्षं जादा पैसे भरून मॅट स्क्रीन मिळू शकली. आयमॅक घेणाऱ्याला ती कोणत्याही किमतीला मिळेना. पण खरी शिकवण काचेच्या मागे आहे. चोवीस इंची आयमॅकमध्ये आयपीएस जातीचं पॅनेल होतं, ज्याचे रंग कोणत्याही कोनातून पाहिलं तरी फारसे बदलत नाहीत. वीस इंचीत स्वस्त टीएन पॅनेल होतं. ते प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ छटाच दाखवू शके, म्हणजे एकूण २,६२,१४४ रंग. उरलेल्या छटांचा भास शेजारच्या ठिपक्यांची सरमिसळ करून निर्माण केला जाई. जाहिरातीत मात्र लाखो रंगांचा उल्लेख होता, आणि यावरून २००८मध्ये कॅलिफोर्नियात अॅपलवर दावा दाखल झाला. वीस इंचीवर एकाच रंगाची पार्श्वभूमी लावली तर ती वर गडद आणि खाली फिकी दिसे. छपाईसाठी रंग जुळवणाऱ्या माणसाला, मग तो न्यूयॉर्कचा असो की दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ तयार करणारा पुण्याचा डीटीपीवाला, अशी स्क्रीन सरळ दिशाभूल करणारी. तरीही दुकानात दोन्ही आयमॅक सारखेच चमकत, कारण काच दोन्हींवर एकच होती. तिच्या झळाळीने दोन पॅनेलांतला फरकच झाकून टाकला. आतला प्रोसेसर लॅपटॉपच्या जातीचा आणि मूळ मेमरी १ गिगाबाइट, हेही त्याच झळाळीआड गेलं.

चकाकी म्हणजे नेमकं किती नुकसान, याचा हिशेब साध्या भौतिकशास्त्राने करता येतो. साध्या काचेचा हवेला लागलेला प्रत्येक पृष्ठभाग समोरून आलेल्या प्रकाशाचे सुमारे ४ टक्के परत फेकतो. त्या आयमॅकमध्ये काच आणि एलसीडी यांच्यात हवेची फट होती, म्हणून परावर्तन करणारे पृष्ठभाग तीन: काचेची पुढची बाजू, मागची बाजू आणि एलसीडीचा वरचा थर. खास लेप नसेल तर एकूण १२ टक्क्यांच्या आसपास. चांगला उजेड असलेल्या खोलीत, म्हणजे ५०० लक्स प्रकाशात, पाठीमागची पांढरी भिंत साधारण १२५ कॅन्डेला तेजाने उजळलेली असते. तिचे १२ टक्के म्हणजे १५ कॅन्डेला. चांगल्या एलसीडीचा काळा रंग ०.३ कॅन्डेलाच्या घरात असतो आणि पांढरा ३०० च्या. अंधाऱ्या खोलीत हे प्रमाण हजारास एक. भिंतीचं प्रतिबिंब मिसळलं की ते विसास एकवर येतं. आणि पाठीमागे भिंतीऐवजी उघडी खिडकी असेल, तिच्यातलं आकाश ५,००० कॅन्डेलाचं असेल, तर प्रतिबिंब ६०० कॅन्डेलाचं होतं. स्क्रीनवरच्या कोऱ्या पांढऱ्या पानापेक्षा ते दुप्पट तेजस्वी. मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन, भिंतीवर ट्यूबलाइट आणि छताला फिरता पंखा असलेल्या आपल्याकडच्या खोलीत हा हिशेब रोजचा आहे. पंख्याचं पातं तर काचेत सतत हलत राहतं आणि डोळा वाचता वाचता त्याच्याकडे ओढला जातो. यावर उपाय म्हणून माणूस स्क्रीनची ब्राइटनेस वाढवतो. ऑल-इन-वनमध्ये ती वाढीव ऊर्जाही त्याच पातळ देहात, प्रोसेसरच्या शेजारीच उष्णता होऊन साचते. चकाकी आणि वेग हे विषय इथे पुन्हा एकमेकांत अडकतात.

चकचकीत काचेची बाजू घेणारे यावर जे म्हणतात ते ऐकून घ्यायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. मॅट पृष्ठभाग बाहेरचा प्रकाश विखुरतो तसा स्क्रीनचा स्वतःचा प्रकाशही विखुरतो. बारीक अक्षरांच्या कडा किंचित विरघळतात, पांढऱ्या पानावर रवाळ चमक दिसते, आणि विखुरलेला उजेड सगळ्या स्क्रीनभर पसरून काळ्याचा करडा करतो. प्रकाश ताब्यात असलेल्या खोलीत, जिथे खिडकीला जाड पडदा आणि दिवा बाजूला, तिथे गुळगुळीत काच निःसंशय सरस चित्र देते. शिवाय काचही सुधारली. २०१२च्या अखेरीस आलेल्या आयमॅकमध्ये काच थेट एलसीडीला चिकटवण्यात आली. मधली फट गेल्यामुळे दोन परावर्तक पृष्ठभाग एकदम कमी झाले, वर प्रतिबिंबरोधक लेप आला, आणि परावर्तन ७५ टक्क्यांनी घटल्याचं अॅपलने जाहीर केलं. वरच्या हिशेबात १२ च्या जागी ३ टक्के घातले तर भिंतीचं प्रतिबिंब १५ वरून ४ कॅन्डेलाच्या खाली येतं. हा खरा फरक आहे, डोळ्यांना जाणवणारा. म्हणून २००७ची काच आणि २०१२नंतरची काच यांना एकाच मापाने तोलणं अन्यायाचं ठरेल. पण खिडकीचं प्रतिबिंब त्या नव्या काचेतही १५० कॅन्डेलाचं राहतंच. काच सुधारली तरी खोलीची अट सुटली नाही, आणि खोली कशी आहे हे दुकानाला माहीत नसतं, ग्राहकाला माहीत असतं.

त्याच २०१२च्या आयमॅकने दुसरी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातला सर्वात महागात पडलेला सौदा तो आहे. कडेला फक्त ५ मिलिमीटर जाडी दिसावी म्हणून डीव्हीडी ड्राइव्ह गेला, आणि साडेएकवीस इंची आकारात लॅपटॉपसाठी बनलेली, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी अडीच इंची हार्ड डिस्क आली. अशा डिस्कला एक फेरा पुरा करायला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसते वाट पाहण्यात जातात. डोकं जागेवर सरकायला लागणारा वेळ वेगळा. एसएसडीला हेच काम मिलिसेकंदाच्या एका लहानशा अंशात जमतं. संगणक सुरू होताना किंवा एखादा प्रोग्रॅम उघडताना अशा हजारो लहान लहान वाचनांची रांग लागते, आणि प्रोसेसर कितीही तडफदार असला तरी त्या रांगेत उभा राहतो. २०१५मध्ये याच आकाराला ४,०९६ गुणिले २,३०४ ठिपक्यांची, म्हणजे ९४ लाखांहून अधिक ठिपक्यांची, अप्रतिम फोर-के स्क्रीन मिळाली. मूळ किमतीच्या यंत्रात डिस्क मात्र तीच ५,४०० फेऱ्यांची राहिली, आणि २०१९च्या मॉडेलमध्येही राहिली. सगळ्या आयमॅकमध्ये एसएसडी मुळातच देण्याचा निर्णय व्हायला २०२०चा ऑगस्ट उजाडला. स्क्रीन जगातल्या उत्तमांपैकी एक आणि तिच्यामागे दहा वर्षं जुन्या लॅपटॉपच्या दर्जाची डिस्क, अशी जोडी कोणत्याही जाणकाराने सुटे भाग निवडून कधीच जमवली नसती. ऑल-इन-वनमध्ये ती खपली, कारण स्क्रीन दिसत होती आणि डिस्क दिसत नव्हती. वर दुरुस्तीची वाटही अवघड झाली. २०११पर्यंतच्या आयमॅकची काच चुंबकांनी धरलेली होती. दोन रबरी सक्शन कप लावून ती अलगद उचलता येई. २०१२पासून ती चिकटपट्टीने जोडली गेली. डिस्क, किंवा साडेएकवीस इंचीत रॅमही, बदलायची तर कडेने पातळ चाक फिरवून ती पट्टी कापायची, महागडी स्क्रीन हातात तोलून तारा सोडवायच्या, आणि शेवटी नवी पट्टी लावून सगळं पुन्हा जोडायचं. काचेची फट बुजवल्याने प्रतिबिंब कमी झालं, पण काच, पॅनेल आणि यंत्र आता एकमेकांना इतके घट्ट बांधले गेले की एक बिघडलं तर तिन्ही धोक्यात.

यावर उद्योगाचं ठरलेलं उत्तर असतं: बहुसंख्य ग्राहक आपला संगणक कधी उघडतच नाहीत, मग उघडण्याची सोय हवी कशाला? बहुसंख्य लोक उघडत नाहीत हे मान्य. पण स्वतः उघडणं आणि कोणाकडून तरी उघडून घेणं यात फरक आहे. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन मेमरी वाढवून घेणं, पाच वर्षांनी डिस्क काढून एसएसडी बसवून घेणं, हे आपल्याकडच्या असंख्य घरांनी केलं आहे आणि त्यातून संगणकाला आणखी तीन-चार वर्षं मिळाली आहेत. ज्या यंत्रात हे शक्य नाही, त्याची पहिल्या दिवशीची कमतरता शेवटच्या दिवसापर्यंत टिकते. आणि देखणं यंत्र बंदिस्तच असायला हवं, हेही खरं नाही. २०१२मध्येच एचपीने झेड१ नावाचा सत्तावीस इंची ऑल-इन-वन आणला. तो आडवा करून स्क्रीन वर उचलली की आतले सगळे भाग समोर येत, आणि डिस्क, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठा हे भाग पेचकसाशिवाय निघत. कार्यालयांसाठी बनणारे डेल ऑप्टिप्लेक्स, लेनोवो थिंकसेंटर यांसारखे ऑल-इन-वन बहुधा मॅट स्क्रीनचे आणि मागून उघडणारे असतात. तिथे खरेदी करणारा माणूस शोरूममध्ये मिनिटभर थांबून निर्णय घेत नाही. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांची तक्रार आणि दुरुस्तीचं बिल दोन्ही त्याच्याच टेबलावर येतात. तोच उद्योग, तेच तंत्रज्ञान, पण निवडणारा बदलला की निवड बदलते. घरगुती ग्राहकानेही तोच प्रश्न विचारायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उष्णतेची सारी ओढाताण जुन्या प्रोसेसरांची होती, ती आता संपली, असं म्हटलं जातं. २०२१मध्ये एम१ चिपचा चोवीस इंची आयमॅक आला तो साडेअकरा मिलिमीटर जाडीचा, आणि तरीही आधीच्या इंटेलच्या साडेएकवीस इंचीपेक्षा बराच वेगवान. २००४च्या आयमॅक जी५मध्ये तापणारा प्रोसेसर आणि फुगलेले कपॅसिटर यांनी जे हाल केले, ते आठवणाऱ्याला हा बदल मोठा वाटणं स्वाभाविक आहे, आणि तो मोठा आहेच. वेगाचा एक भाग, म्हणजे प्रोसेसरचा, आता सौंदर्यासाठी बळी द्यावा लागत नाही. पण तिजोरी तीच राहिली, खर्चाची बाजू फक्त बदलली. त्या आयमॅकची मेमरी ८ किंवा १६ गिगाबाइट, प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच बसवलेली. खरेदीनंतर एक गिगाबाइटही वाढवता येत नाही. जाडी वाचवण्यासाठी इथरनेटचं पोर्ट वीजपुरवठ्याच्या बाहेरच्या ठोकळ्यात गेलं. आणि सर्वात मोठा प्रश्न वयाचा. उत्तम स्क्रीन दहा-बारा वर्षं चांगली चालते. प्रोसेसर आणि मेमरी सहा-सात वर्षांत मागे पडतात. २००९ ते २०१४ दरम्यानच्या काही आयमॅकना दुसऱ्या संगणकाची स्क्रीन म्हणून वापरता येत असे. फाइव्ह-के स्क्रीनच्या मॉडेलांपासून ही सोय गेली. आज त्या १ कोटी ४७ लाख ठिपक्यांच्या सुंदर स्क्रीन, पॅनेल धडधाकट असूनही, मागच्या यंत्राबरोबर म्हाताऱ्या होत आहेत. २०२२च्या मार्चमध्ये अॅपलने सत्तावीस इंची आयमॅक बंद केला आणि त्याच सुमारास वेगळी स्टुडिओ डिस्प्ले आणि वेगळा मॅक स्टुडिओ आणला. १९८७प्रमाणेच पुन्हा एकदा, जास्त काम करणाऱ्याला वेगळी स्क्रीन आणि वेगळं यंत्र.

चकाकीच्या प्रश्नाचंही असंच एक वर्तुळ पुरं झालं. २०१९च्या प्रो डिस्प्ले या मॉनिटरवर अॅपलने पृष्ठभागावरच अतिसूक्ष्म खरवड केलेली नॅनो-टेक्स्चर काच दिली, एक हजार डॉलर जादा घेऊन. २०२०च्या सत्तावीस इंची आयमॅकवर तिच्यासाठी ५०० डॉलर लागत. २०२४च्या चोवीस इंची आयमॅकवर २००. जी गोष्ट २००६पर्यंत प्रत्येक एलसीडी आयमॅकसोबत विनामूल्य येत होती, ती आता खास वस्तू म्हणून विकली जाते. नवी काच जुन्या खरखरीत पट्टीपेक्षा खूप सरस आहे, हे निर्विवाद. तिला खास कापडाने पुसावं लागतं, पण चित्राची कड फारशी विरघळत नाही. तरी इतक्या वर्षांनंतर कंपनीने स्वतःच्या सर्वात देखण्या यंत्रावर मॅटचा पर्याय परत आणला, यातच चकाकीची तक्रार करणारे सुरुवातीपासून बरोबर होते याची कबुली आहे.

म्हणून ऑल-इन-वन घेऊ नये, असा याचा निष्कर्ष नाही. तारांचा पसारा नको, जागा कमी आहे, घरातल्या सगळ्यांनी एकच यंत्र वापरायचं आहे, तर तो रास्त पर्याय आहे. पण तो तोलायचा कसा, हे या इतिहासातून स्पष्ट होतं. आधी खोली पाहावी: टेबलाच्या पाठीमागे खिडकी किंवा दिवा असेल आणि तो हलवता येत नसेल, तर चकचकीत स्क्रीन कितीही सुंदर असली तरी ती घेऊ नये, खोलीत प्रकाश ताब्यात ठेवता येत असेल तर खुशाल घ्यावी. मग जे पुढे बदलता येणार नाही त्यावर पैसे घालावेत. चिकटवलेल्या यंत्रात जादा मेमरी आणि पुरेशी एसएसडी पहिल्या दिवशीच घ्यावी, मग त्यासाठी एक पायरी साधा प्रोसेसर घ्यावा लागला तरी चालेल, कारण थोडा संथ प्रोसेसर सोसता येतो, अपुरी मेमरी नाही. पॅनेलची जात लिखित स्वरूपात विचारावी; काचेची चमक पाहून ती कळत नाही. आणि स्क्रीनला बाहेरून एचडीएमआय जोडता येतं का हे पाहावं. विंडोजच्या काही ऑल-इन-वनमध्ये ती सोय असते, आणि तिच्यामुळे यंत्र थकलं तरी स्क्रीन आणखी पाच वर्षं कामाला येते. हे प्रश्न विचारणारे ग्राहक वाढले तर उत्तरं बदलतील. मॅट काच परत आली ती अशाच आग्रहाने. दुकानाला विकायचं असतं ते एका मिनिटात, आपल्याला वापरायचं असतं ते हजारो तास. निवडीचा निकष त्या हजारो तासांनीच ठरवला पाहिजे.